पिवळं जाकीट आत आल्याशिवाय

इस्त्रीबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी हॉस्पिटलने त्यांना खुर्ची भेट दिली. साधीसुधी नाही, मागे रेलणारी, खटका दाबला की पाय वर उचलून देणारी. जिने एकतीस वर्षं तळघरातल्या लाँड्रीत उभ्याने काढली, तिला आणखी काय द्यायचं, असा विचार कुणीतरी केला असणार, आणि तो बसून केला असणार. व्यवस्थापकांनी छोटंसं भाषण केलं. "खूप उभ्या राहिलात, आता बसा," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी हसत टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर इस्त्रीबाई खुर्चीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणाल्या, "एकतीस वर्षं एक स्टूल मागत होते मी. ते नाही दिलं. आणि आता खुर्ची द्यायला निघालेत!"

खुर्चीत मग नवरोबाच बसले. जन्मभर शहराच्या बसचं चाक धरलेला माणूस, बसण्याचा सराव दांडगा. पहिल्या दिवशी त्यांनी खटका दाबून बघितला, पाय वर गेले, ते त्यांनी परत खाली आणले नाहीत.

इस्त्रीबाईंना हे नाव का पडलं, तेही सांगायला हवं. त्या इस्त्री करत हे खरं, पण लाँड्रीत इस्त्रीच्या, तापत्या रुळांच्या अजस्र यंत्रावर आणखी नऊ जणी चादरी सोडत होत्या, त्यांना कुणी असं नाव ठेवलं नाही. ह्या बाई एकदा तापल्या की लवकर निवत नसत, आणि डोक्यात एकदा घडी बसली की ती मोडायची कुणाची टाप नव्हती. नाव ठेवलं होतं ढब्बूने, त्यांच्या जोडीदारणीने. ढब्बू हे नावही ढब्बूने स्वतःच ठेवून घेतलं होतं, "दुसऱ्या कुणी ठेवायच्या आधी मीच ठेवते" म्हणून. दोघींनी समोरासमोर उभं राहून चादरीची दोन-दोन टोकं धरली, त्याला बावीस वर्षं झाली होती.

पुढचे सहा महिने सगळ्यांनी मिळून इस्त्रीबाईंना बसवायचा चंग बांधला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा; तो रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, "आई, आराम केलास ना?" जणू आराम म्हणजे औषध आहे आणि ती चोरून बेसिनमध्ये ओतते आहे. सून भाजी आणून द्यायची, शेजारीण कचरा नेऊन टाकायची. परिणाम एवढाच झाला की साखर वाढली, गुडघा आखडला आणि रात्रीची झोप उडाली. उभ्या होत्या तोवर बाई ठणठणीत होत्या.

अशाच एका शनिवारी सकाळी त्या डोळे तपासायला बसने निघाल्या होत्या. शहराच्या कडेला मोठं वनोद्यान आहे, त्याच्या कुंपणालगत बस सिग्नलला थांबली. आत तळ्याच्या काठाने दीड-दोनशे माणसं पळत होती. पुढचे हरणासारखे गेले, त्यांचं इस्त्रीबाईंना काही विशेष वाटलं नाही. पण सगळ्यांच्या मागे हिरव्या स्वेटरमधले एक अवजड गृहस्थ येत होते, तिकिटाच्या रांगेत माणूस पुढे सरकतो त्या वेगाने, आणि त्यांच्याही मागे पिवळं जाकीट घातलेली एक बाई त्यांच्याशी गप्पा मारत चालली होती. कुणी त्यांना हसत नव्हतं. कुणी "आटपा" म्हणत नव्हतं. इस्त्रीबाई पुढच्या स्टॉपला उतरल्या. डोळे त्या महिन्यात तपासायचे राहून गेले.

पिवळं जाकीट घातलेल्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि तो सगळा शनिवारचा मेळा त्याच चालवत होत्या.

"ही शर्यत आहे का हो?" इस्त्रीबाईंनी विचारलं.

"छे, शर्यत कसली? पाच किलोमीटरचा फेरा आहे. पळा, चाला, मध्ये उभ्या राहा, तुमची मर्जी."

"आणि सगळ्यात शेवटी राहिलं तर?"

"तुम्हाला शेवटी राहताच येणार नाही," डॉक्टरीणबाई हसल्या. "शेवटी आमचं माणूस असतं, हे जाकीट घातलेलं. जाकिटाच्या मागे कुणी राहायचं नाही, असा नियमच आहे इथला."

हे ऐकून इस्त्रीबाईंना फार बरं वाटलं. लाँड्री ही हॉस्पिटलातली शेवटची जागा होती. भिंतींना रंग तिथे शेवटी लागायचा, कॅन्टीनचा चहा त्यांची पाळी सुटेपर्यंत तळाला गेलेला असायचा, आणि एका वर्षी सगळ्या कर्मचाऱ्यांचा फोटो निघाला तेव्हा ह्या वर पोचेपर्यंत फोटोवाला निघून गेला होता. शेवटी असणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शेवटच्या माणसासाठी कुणी थांबतं, हे मात्र त्या साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा बघत होत्या. पुढच्या शनिवारी कामावरचे जुने बूट घालून त्या हजर झाल्या.

पद्धत सोपी होती. नाव नोंदवलं की बारकोडचा एक कागद मिळायचा. फेरा संपवून दोन खांबांच्या मधून आत आलं की तिथे घड्याळ धरून उभ्या असलेल्या बाई वेळ टिपायच्या, एक टोकन हातात पडायचं, मग टोकन आणि कागद दोन्ही दाखवायचे, की दुपारी मोबाइलवर यादी यायची. यादीत नाव आणि वेळ. पहिल्या शनिवारी इस्त्रीबाईंना एक तास एकवीस मिनिटं लागली. नवरोबांनी खुर्चीतून यादी उघडली आणि बोटाने खाली खाली सरकवत नेली.

"सापडलं. अगदी तळाला आहेस."

"आहे ना? मग झालं."

पण तेवढ्याने झालं नव्हतं. नवरोबा टीव्हीकडे वळल्यावर त्यांनी मोबाइल उचलून आपलं नाव पुन्हा वाचलं. एकतीस वर्षांत लाखो चादरी हातांखालून गेल्या असतील, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर हॉस्पिटलचा शिक्का होता, एकीवरही ह्यांचं नाव नव्हतं. इथे मात्र त्यांनी केलेली गोष्ट आणि त्यांचं नाव एका ओळीत होतं. तेव्हापासून शनिवारची दुपार म्हणजे यादी, असं ठरून गेलं.

दीड वर्ष सुखात गेलं. गुडघा सैल झाला, साखर उतरली, वेळ एक तास बारा मिनिटांवर आली. मग डॉक्टरीणबाई दुसऱ्या शहरात राहायला गेल्या आणि त्यांच्या जागी शिट्टीसर आले.

शिट्टीसर माणूस वाईट नव्हते. शाळेत छत्तीस वर्षं कवायत शिकवलेली, गळ्यातली शिट्टी निवृत्तीनंतरही उतरली नव्हती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन चिखलात फळ्या टाकायचे, निसरड्या जागी झेंड्या लावायचे. पण ज्याने जन्मभर मुलांना रांगेत उभं केलं, त्याला काही सैल सुटलेलं बघवत नाही. डॉक्टरीणबाईंचे जुने दहा नियम एका वहीत पडून होते. सरांनी ते टाइप करून घेतले, खाली आपला अकरावा जोडला, कागद लॅमिनेट केले आणि चार ठिकाणी लावले: पार्किंगला, स्वच्छतागृहापाशी, लाकडी पुलावर आणि शेवटच्या खांबांजवळ. अकरावा नियम असा होता की फिनिश बरोबर एका तासाने बंद होईल.

त्यांनी इस्त्रीबाईंना चहाच्या टपरीपाशी गाठलं.

"ताई, जरा बोलायचं होतं. ज्यांना तास पुरत नाही त्यांच्यासाठी तळ्याभोवतीचा छोटा फेरा ठेवलाय. दोन किलोमीटर. निवांत."

"मला निवांत नकोय. मला पाच हवेत."

"तुमच्या काळजीपोटीच म्हणतोय हो. या वयात काही झालं म्हणजे?"

"तुमचं वय काय, सर?"

"एकसष्ट."

"मी साठ. म्हणजे छोटा फेरा आधी तुम्हाला हवा."

सर कसंनुसं हसले. इस्त्रीबाईंनी विचारलं, "छोट्या फेऱ्यातली नावं यादीत येणार का?"

"त्याची वेगळी यादी करायचा विचार आहे. पुढे बघू."

हे 'पुढे बघू' इस्त्रीबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं. स्टूल मागितलं की दर वर्षी हेच उत्तर मिळायचं.

घरी मुलालाही सरांचंच पटलं. "आई, बरोबरच बोलतायत ते. मार ना छोटा फेरा. कोण बघतंय?"

"मी बघते," इस्त्रीबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासू लागल्या. परक्याने ढकललं तर माणूस पाय रोवतो. आपल्यानेच हळूच बाजूला सारलं की काय करायचं ते कळत नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

पुढच्या शनिवारी त्या पूर्ण फेऱ्यालाच निघाल्या. पुलाच्या अलीकडे मागून पिवळं जाकीट आलं. आत एक कोवळी मुलगी होती, कॉलेजातली असेल. ती इस्त्रीबाईंच्या बरोबरीला आली आणि खाली बघत म्हणाली, "मावशी, सॉरी हं. सर म्हणालेत तासाच्या आत आत ये. जे राहतील ते राहतील." आणि ती पुढे गेली. जाता जाता रस्ता दाखवणारे बाण उपटून काखेत घेत गेली, कारण बाण गोळा करत यायचं कामही जाकिटाचंच.

पिवळं जाकीट त्यांच्या पुढे जाऊन वळणावर दिसेनासं झालं. इस्त्रीबाईंना रस्ता पाठ होता, बाणांवाचून त्यांचं अडलं नाही. पण शेवटच्या हिरवळीवर पोचल्या तेव्हा खांब नव्हते, टेबल नव्हतं, घड्याळ धरणाऱ्या बाई नव्हत्या. गवतात खांबांची दोन भोकं तेवढी होती. इस्त्रीबाई त्या दोन भोकांच्या मधून गेल्या, कारण फेरा तिथे संपतो. मग त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. दुपारी नवरोबांनी यादी तळापर्यंत सरकवली, परत वर नेली, परत खाली आणली.

"नाहीये," ते म्हणाले. त्यांनी पाय खाली आणले आणि खुर्ची सरळ केली.

दुसरी कुणी असती तर तिने शनिवारचा नाद सोडला असता. इस्त्रीबाई बुधवारी, उद्यानात चिटपाखरू नसताना, एकट्या बसने गेल्या आणि पार्किंगच्या फलकापाशी चष्मा लावून उभ्या राहिल्या. अकराही नियम त्यांनी वाचून काढले. सरांनी ते चार ठिकाणी लावले होते खरे, पण एकत्र वाचलेले दिसत नव्हते. चौथा नियम होता: पिवळं जाकीट आत आल्याशिवाय घड्याळ बंद करू नये. पाचवा: जाकिटाच्या मागे कुणीही राहता कामा नये. सहावा: बाण फक्त जाकिटाने काढावेत. मग सातपासून दहापर्यंत कुत्र्यांबद्दल आणि कचऱ्याबद्दल, आणि शेवटी सरांचा अकरावा.

शेजारीच कामवाटपाचा तक्ता होता, सुतळीला पेन बांधलेलं. घड्याळ, टोकन, बारकोड, सगळ्या चौकोनांत महिनाभराची नावं होती. पिवळ्या जाकिटाचे चौकोन रिकामे होते. पळायला आलेल्या माणसाला मागे राहायची हौस नसते, त्यामुळे ते काम दर आठवड्याला कुणाच्या तरी गळ्यात मारावं लागायचं. इस्त्रीबाईंनी पेन घेतलं आणि वर्षअखेरपर्यंतच्या सगळ्या चौकोनांत, रेघेबाहेर जाऊ न देता, आपलं नाव लिहिलं.

पण बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एवढ्याने भागणार नाही. जाकीट शेवटच्या माणसाच्या मागून चालतं. आणि मागे रेंगाळणारी माणसं सरांनी आधीच छोट्या फेऱ्याला लावली होती. शेवटचं माणूस पंचावन्नाव्या मिनिटाला आत गेलं, तर एकट्या जाकिटाला सर म्हणणार, पाय उचला. हळू चालणारी माणसं हवी होती, आणि ती कुठे मिळतात हे इस्त्रीबाईंना नक्की माहीत होतं. त्या हॉस्पिटलच्या स्टॉपला उतरल्या.

तळघर तसंच होतं, वाफेने ओलं आणि साबणाच्या वासाचं. ढब्बू टेबलापाशी एकटीच चादर झटकत होती, तिची नवी जोडीदारीण रजेवर होती. इस्त्रीबाईंनी पिशवी खुंटीला अडकवली आणि चादरीची समोरची दोन टोकं उचलली. चार पावलं मागे, ताण, चार पावलं पुढे, टोकाला टोक. हात काहीच विसरले नव्हते.

"आलीस परत? खुर्ची टोचते का?" ढब्बू म्हणाली.

"शनिवारी काय करतेस?"

"झोपते."

"माझ्याबरोबर पाच किलोमीटर चालायला ये."

यंत्रापाशीच्या सगळ्याजणी हसल्या. ढब्बूने पोटरीवरचा मोजा खाली ओढला. "ह्या शिरा बघ. नकाशा झालाय नुसता. मला काय चालवतेस?"

"दिवसाला किती चादरी होतात तुझ्या?"

"चारशे. कधी साडेचारशे."

"एका चादरीला आठ पावलं. कर हिशेब. रोज दोन किलोमीटरच्या वर चालतेस तू, या एवढ्या खोलीत, आणि कुठेही पोचत नाहीस. एकदा पाच चाल आणि पोच. मोबाइलवर नाव येतं, वेळेसकट."

यंत्र चालू होतं, तरी हसणं थांबलं. इस्त्रीबाईंनी मग सगळी हकीकत सांगितली. जाकीट पुढे निघून गेलं ते सांगितलं, गवतातल्या दोन भोकांचंही सांगितलं.

"म्हणजे तुला पळणारी नकोत," ढब्बू म्हणाली.

"मला हळू चालणारीच हवीत. जितकी हळू तितकी बरी."

"अगं मग आधी सांगायचं ना! त्यात माझा हात कोण धरणार?"

सात जणी तयार झाल्या. बारकोडचे कागद छापायचा प्रश्न आला, तेव्हा नवरोबा खुर्चीतून उठले, चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सात कागद छापून आणले आणि प्रत्येक कागद दुमडू नये म्हणून पुठ्ठ्यात घातला. ज्या माणसाला पाणीसुद्धा जागेवर लागतं, त्याने दुकानापर्यंत जाणं म्हणजे काय, हे इस्त्रीबाईंना कळलं.

शनिवारी सात जणी उद्यानात उतरल्या, कामावरच्या बुटांत, दोघी तर लाँड्रीच्या निळ्या झग्यांतच, कारण पाळी संपवून थेट आल्या होत्या. सरांनी तक्ता बघितला होता. त्यांनी जाकीट इस्त्रीबाईंच्या हातात दिलं.

"ताई, अकरावा नियम लक्षात आहे ना?"

"आहे की. चौथाही आहे."

"चौथा कुठला?"

"चार ठिकाणी लावलाय तुम्ही. वाचा ना. मला एक सांगा, तुमच्या शाळेत चार आधी यायचा की अकरा?"

सरांनी शिट्टी वाजवली. ती फेरा सुरू करायची होती, तरी गरजेपेक्षा लांबली.

पहिला किलोमीटर सगळ्याजणी बडबडत गेल्या. तळ्यातली बदकं बघून झाली, चढावर श्वास लागला, मग बडबड कमी झाली. वाटेत जो जो बाण मागे पडेल तो इस्त्रीबाई उपटून काखेत घेत होत्या. पुलापाशी ढब्बू बाकावर बसली. तीन किलोमीटर झाले होते आणि बावन्न मिनिटं. बाकीच्या सहाजणींना इस्त्रीबाईंनी पुढे पाठवलं.

"तूही हो पुढे," ढब्बू धापा टाकत म्हणाली. "माझं झालं. मी इथूनच घरी जाते."

"मला होता येत नाही पुढे. मी जाकीट आहे. तू इथे मुक्काम ठोकलास तर मलाही ठोकावा लागेल, आणि तिकडे ते घड्याळ संध्याकाळपर्यंत चालू राहील."

"खरंच राहील?"

"नियम आहे."

ढब्बूने मोजा वर ओढला. "बावीस वर्षांत आपल्यासाठी कधी लिफ्टसुद्धा थांबली नाही," ती म्हणाली, आणि बाकाची पाठ धरून उठली.

तास उलटून गेला. उंच झाडांच्या वळणावर समोरून शिट्टीसर येताना दिसले. त्यांच्या काखेत बाण होते. फिनिशकडून उलटे उपटत उपटत ते इथवर आले होते, आणि आता ह्या दोघींच्या पुढचा, डावीकडे वळायचा बाण त्यांनी हात घालून धरला होता.

"ताई, संपलं. तास होऊन पंधरा मिनिटं झाली. इथून मधल्या वाटेने पार्किंगला जा दोघी, जवळ पडेल."

इस्त्रीबाई थांबल्या. त्यांचा आवाज चढला नाही. यंत्रावर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला ओरडावं लागत नाही.

"तो बाण सोडा, सर."

"अहो, लोकांना घरी जायचंय. मलाही जायचंय. दुपारची यादी—"

"यादीसाठीच चाललोय आम्ही. बाण काढायचं काम जाकिटाचं आहे. सहावा नियम. जाकीट माझ्या अंगावर आहे. तुम्ही काढलेत तेवढे सगळे परत खोचा."

"हे जरा अति होतंय."

"अति झालं ते मागच्या शनिवारी. तुमचं जाकीट मला मागे टाकून गेलं. मी एकटी आले, आणि तुम्ही खांबसुद्धा ठेवले नाहीत. मी हळू आहे, सर. गेली दीड वर्षं हळू आहे, आणि पुढेही हळूच राहणार. पण मी पाच किलोमीटर चालते, त्यातलं एक पाऊल कमी चालत नाही. ते लिहायला तुमचं काय जातं?"

सरांनी शिट्टी हातात घेतली आणि सोडून दिली. त्यांची मान लाल झाली होती. ढब्बू मधे पडली, "सर, लवकर ठरवा. मी थांबले की पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो."

सरांनी तो बाण आधी हलवून बघितला, मग टाचेने जमिनीत नीट ठोकला. वळले आणि चालू लागले. पुढच्या वळणाला दुसरा खोचला, उतारावर तिसरा. ते पुढे खोचत होते आणि इस्त्रीबाई मागून उपटत होत्या, मधून ढब्बू दोन्ही हात कमरेवर ठेवून आपली चालली होती. एकदा ढब्बूचा पाय चिखलात सरकला, तेव्हा सरांनी न सांगता मागे येऊन फळी सरळ केली.

हिरवळ दिसली. खांब उभे होते. दोन स्वयंसेवक ते काढायला आले होते, पण निळ्या झग्यांतल्या दोघींनी एकेक खांब धरला होता, चादरीची टोकं धरावीत तसा, आणि बाकीच्या चौघी घड्याळ धरणाऱ्या बाईंभोवती गवतात बसल्या होत्या. त्या बाई म्हणजे जुन्या ग्रंथपाल, कमी बोलणाऱ्या. त्यांना म्हणे सरांनी जाताना सांगितलं होतं, बंद करा. त्यांनी खांबाजवळच्या कागदावर चौथ्या नियमावर बोट ठेवलं होतं आणि घड्याळ तसंच चालू ठेवलं होतं.

ढब्बू आत गेली. टोकन हातात पडल्यावर ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिथेच गवतात फतकल मारून बसली.

शेवटचा बाण खांबांच्या दहा पावलं अलीकडे होता. सरांनी तो खोचला आणि सवयीने, शाळेत पाहुण्यांना करून द्यावी तशी वाट करून देत बाजूला झाले.

"व्हा ताई, पुढे."

इस्त्रीबाई जागच्या हलल्या नाहीत. काखेत बाणांचा भारा, घामाने केस कपाळाला चिकटलेले, गुडघा ठणकत होता.

"तुम्ही व्हा पुढे."

"मी काय, मी फेऱ्यात नाहीये."

"फेऱ्यात असा नाहीतर नसा. जाकिटाच्या मागे कुणी राहायचं नाही. मी राहू देणार नाही, तुम्हालासुद्धा."

सगळे बघत होते. सरांनी एकदा खांबांकडे बघितलं, एकदा इस्त्रीबाईंकडे. मग पाठ ताठ करून दहा पावलं चालले आणि खांबांमधून आत गेले.

इस्त्रीबाईंनी वाकून शेवटचा बाण उपटला, सावकाश, जितका वेळ लागायचा तितका घेऊन. मग आत आल्या.

"एक तास चौतीस," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"लिहिलंत?"

"लिहिलं."

इस्त्रीबाईंनी बाणांचा भारा सरांच्या हातांत ठेवला.

"आता करा बंद," त्या म्हणाल्या.